रडू तुमचं, तिकीट कुणाचं?

आदरणीय बाई,

खानापूर तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. मी अंगणवाडीत मदतनीस आहे, तिचं छत गळतं. आमच्या गल्लीतल्या सोळा बायकांचा संघ आहे, दर शुक्रवारी बैठक असते. गेल्या महिन्यात निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत असलेल्या एका पुढाऱ्यानं दोन टेम्पो पाठवले आणि आम्हा सगळ्यांना बेळगावला नेऊन सिनेमा दाखवला. तिकीट, येणं-जाणं, मध्यंतरातला वडापाव, सगळं त्यांचंच. सिनेमाचं नाव लिहीत नाही. त्यात एक आई मुलाची चप्पल उचलून छातीशी धरते. तिथं मी इतकी रडले की पदर भिजला. परत येताना टेम्पोत घोषणा सुरू झाल्या, मीही दिल्या.

माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, उद्यमबागला फाउंड्रीत जातो. त्यानं तो सिनेमा तीनदा बघितला. तेव्हापासून मोबाइलवर त्यातलेच तुकडे, स्टेटसलाही तेच. आमच्या घरासमोर एक शिंपीकाका राहतात, मुसलमान आहेत. माझ्या लग्नापासूनचे सगळे ब्लाउज त्यांनी शिवलेत, मुलाचा शाळेचा पहिला गणवेशसुद्धा. मुलगा आता त्यांच्याशी बोलत नाही. परवा मी कापड घेऊन निघाले तर म्हणाला, “तिकडं कशाला जायलीस?” मी उंबऱ्यातून परत फिरले. ते कापड अजून पिशवीतच आहे.

आता तोच पुढारी दुसऱ्या सिनेमाला नेतो म्हणून सांगून गेलाय. जावं का? मी रडले म्हणजे फसले का? माझं मत अजून माझंच राहिलंय का? आणि मुलाशी बोलायचं तरी कसं?

– एक आई, खानापूर तालुका

*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या पिशवीतल्या कापडापाशी बराच वेळ थांबले. त्याचं शेवटी सांगते.

आधी रडण्याचं. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. तुमचा मुलगा रोज भट्टीपाशी उभा राहतो. संध्याकाळची बस चुकली तर तुमचा जीव खालीवर होतो. ती सगळी काळजी त्या चपलेपाशी येऊन डोळ्यांतून वाहिली. ते रडू तुमच्या घरातलं आहे, तुमचं आहे. पण सिनेमा तिथं थांबला नसेल. त्या आईच्या पाठोपाठ काय दाखवलं ते आठवून बघा. अशा सिनेमांत बहुतेक वेळा शोकाच्या लगेच मागून एक चेहरा येतो. डोळ्यांत सुरमा, अगदी जवळून दाखवलेले दात, आणि इतका वेळ शांत असलेला ढोल एकदम सुरू. तुमचे डोळे अजून पुसून झालेले नसतात, त्याच ओल्या डोळ्यांनी तुम्ही तो चेहरा बघता. दुःख तुमचं असतं, पण राग कुणावर काढायचा तो पत्ता दुसऱ्यानं लिहून दिलेला असतो. टेम्पोत घोषणा देताना तुम्ही त्या आईसाठीच ओरडत होतात, यात मला शंका नाही. पण टेम्पो त्या आईनं पाठवला नव्हता.

म्हणून तिकिटाबद्दल स्पष्ट सांगते: त्या पुढाऱ्याच्या पैशानं जाऊ नका. सिनेमा बघावासा वाटला तर जरूर बघा, स्वतःच्या पैशानं. साडी, कुकर, दारूची बाटली वाटली की ती लाच हे आपल्याला लगेच कळतं. करमणूकही लाच असू शकते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. भारतीय न्याय संहितेचं १७३ वं कलम मतदाराच्या सरबराईची व्याख्या करतं, त्यात खाणं, पिणं, करमणूक आणि शिधा अशी चारही नावं घेतली आहेत. तुमच्या त्या दिवसात यातल्या दोन गोष्टी आल्या, खाणं आणि करमणूक. ही व्याख्या नवीही नाही. जुन्या दंड संहितेत निवडणुकीच्या गुन्ह्यांचं प्रकरण १९२० साली घातलं गेलं तेव्हापासून ती आहे, आणि त्या वेळी आपल्या देशात बोलपटसुद्धा आला नव्हता. कायदा देणाऱ्याला धरतो तसाच मताचा मोबदला म्हणून घेणाऱ्यालाही धरतो. सरबराईला शिक्षा दंडापुरतीच आहे, आणि तिकीट मतासाठीच दिलं हे सिद्ध करणं सोपं नाही, हेही खरं. मी तुम्हाला पोलिसांची भीती घालत नाही. पुढारी ज्याला पाहुणचार म्हणतो त्याला कायदा काय म्हणतो, एवढं तुमच्या संघातल्या सोळाही जणींना माहीत असावं असं मला वाटतं.

नाही म्हणायचं कसं, हा खरा पेच आहे. गावात राहायचं आहे, उद्या त्याच माणसाकडे कामही पडेल. तुम्ही एकटीनं नाही म्हणू नका. शुक्रवारच्या बैठकीत विषय काढा आणि निरोप संघाचा म्हणून पाठवा: “भाऊ, सिनेमा आम्ही आमच्या पैशानं बघतो. तुम्हीच एखाद्या शुक्रवारी बैठकीला या, चहा आमच्याकडे.” यात भांडण नाही, अपमान नाही. तो आला तर अंगणवाडीच्या छताचं विचारा, मराठी शाळेत शिक्षक किती आणि वर्ग किती ते विचारा, बसचं विचारा. दोन्ही टेम्पोंचं भाडं काढून जो माणूस तुम्हाला अडीच तास अंधारात बसवतो, त्यानं अर्धा तास तुमच्यासमोर उजेडात बसायला काय हरकत आहे?

आता मताचं. सिनेमानं निवडणुका जिंकल्या जातात असं हल्ली फार सहज बोललं जातं. मी ते इतक्या सहज मान्य करत नाही. आपल्याच कर्नाटकाचं बघा. १० मे २०२३ ला विधानसभेचं मतदान होतं. त्याआधी पाच दिवस, ५ मेला, ‘द केरला स्टोरी’ लागला आणि त्याच दिवशी बळ्ळारीच्या प्रचारसभेत पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. पाच दिवस जिकडेतिकडे तीच चर्चा. निकाल लागला तेव्हा काँग्रेसला १३५ जागा मिळाल्या आणि भाजपला ६६. आपल्या बेळगाव जिल्ह्यात अठरापैकी अकरा काँग्रेसच्या, सात भाजपच्या. सिनेमाचा काहीच परिणाम झाला नाही असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही. पण लोक थिएटरातून थेट मतदान केंद्रावर गेले नाहीत, मध्ये स्वतःच्या स्वयंपाकघरातून गेले, एवढं तरी नक्की.

याहून जुनी गोष्ट मी वर्गात मुलांना सांगायची. १९७७ ची निवडणूक. दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि काँग्रेस सोडून आलेले जगजीवन राम यांची सभा होती. लोकांनी घरीच बसावं म्हणून दूरदर्शननं त्या संध्याकाळी ‘बॉबी’ लावला. त्या काळी टीव्हीवर असा सिनेमा म्हणजे केवढी मोठी गोष्ट! तरी माणसं उठली आणि चालत मैदानावर गेली. ही गोष्ट सांगताना माझा आवाज दर वेळी चढायचा आणि मुलं हसायची.

उलट बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये पक्ष काढला आणि पुढच्या जानेवारीत ते आंध्रचे मुख्यमंत्री झाले. पडद्यावर राम आणि कृष्ण म्हणून पाहिलेला चेहरा दारात आला होता. पण ते गाडीतून गावोगाव फिरले, दोन रुपये किलो तांदळाचं वचन दिलं, तेलुगू माणसाच्या मानाचा प्रश्न घेतला. त्याच राज्यात चिरंजीवींनी २००८ मध्ये पक्ष काढला. लोकप्रियता काही कमी नव्हती. २००९ ला २९४ पैकी १८ जागा मिळाल्या. चेहऱ्यामुळे दार उघडतं, पण आत कशासाठी आलात हे सांगावंच लागतं. आणि कन्नडचे राजकुमार? त्यांनी आयुष्यात एकही निवडणूक लढवली नाही. पण शाळेत कन्नडला पहिली भाषा करा म्हणणाऱ्या गोकाक समितीच्या अहवालासाठी ते रस्त्यावर उतरले, आणि शाळेत पहिली भाषा कोणती या प्रश्नानं सगळं राज्य हललं. त्याची झळ आपल्या मराठी शाळांपर्यंत कशी पोचली ते मी नोकरीत पाहिलं आहे. नटाची ताकद मी कमी लेखत नाही, ती याच कारणासाठी.

तेव्हा, ताई, तुमचं मत कुणी खिशातून काढून नेलेलं नाही. गेलं आहे ते दुसरंच. तुमच्या गल्लीतलं बोलणं गेलं आहे.

विचार करा, गेल्या महिन्याभरात संघाच्या बैठकीत किती वेळ त्या सिनेमाबद्दल बोललात? आणि अंगणवाडीच्या छताबद्दल? पूर्वी निवडणूक जवळ आली की आपल्याकडे कट्ट्याकट्ट्यावर वाद व्हायचे. महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार कोण, एकी होणार का फुटणार, सरकारी कागद मराठीत का मिळत नाहीत, उताऱ्यावरचं नाव कन्नडमध्ये चुकीचं पडलं ते दुरुस्त करायला किती फेऱ्या माराव्या लागतात. माणसं तावातावानं भांडायची, पण भांडण स्वतःच्या गावाचं असायचं. आता भांडण तयार होऊन येतं. मुंबईत लिहिलेलं, तिथंच संगीत भरलेलं. ते इतकं भारी असतं की त्याच्यापुढे गळकं छत अगदीच क्षुल्लक वाटायला लागतं.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे आणि मला तोच जास्त टोचतो. आपण मराठी सिनेमे बघतो, मराठी वाहिन्या बघतो, बघायलाच हव्यात, आपली भाषा त्यांनीही जपली आहे. पण त्यातलं राजकारण महाराष्ट्राच्या मतदारासाठी केलेलं असतं. शिवसेनेच्या आनंद दिघ्यांवरच्या ‘धर्मवीर’चा दुसरा भाग २७ सप्टेंबर २०२४ ला आला, महाराष्ट्रात मतदान २० नोव्हेंबरला झालं. निपाणीच्या माणसानं तो बघून छाती फुगवली तरी पलीकडे कागलच्या मतदान केंद्रावर त्याचं नाव नाही. दुसरीकडे कन्नड वाहिन्या आणि हिंदी सिनेमे आपल्याशी बोलतात ते मराठी माणूस म्हणून नव्हे. दोन्ही पडद्यांवर आपला तालुका नसतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पुढची तारीख कधी, हे आता तरुण पोरं विचारत नाहीत. पण अमुक सिनेमाचा पुढचा भाग कधी येणार ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. हे लिहितानाही वाईट वाटतं.

करमणुकीतून राजकारण आपल्याला नवीन नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या शाहिरीनं मैदानं भरत होती. शाहीरसुद्धा रडवायचा, पेटवायचा. पण तो समोर उभा असायचा. कार्यक्रम संपला की डफ खाली ठेवून तुमच्याच ओसरीवर भाकरी खायचा, आणि तेव्हा त्याला म्हातारा माणूस विचारू शकायचा, “बाबा, हे असं का म्हणालास?” पडदा विझला की विचारायचं कुणाला?

मी शिक्षिका असल्यामुळे निवडणुकीची ड्युटी चुकली नाही. एका वर्षी खानापूरच्या जंगलाकडच्या एका गावात केंद्र होतं, शाळेचीच खोली. दुपारी एक आजी आली. नाव तपासून झालं, डाव्या बोटाला शाई लागली, आजी पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेली आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाली, “बाई, ह्यात विहिरीवाला कुठला?” गावात विहिरीला पंप बसवून देतो म्हणून कुणीतरी शब्द दिला असावा. मला सांगता येत नव्हतं, नियमच तसा. म्हटलं, “आजी, चिन्हं बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा.” खोलीत सगळे गप्प. ती बराच वेळ उभी राहिली. मग यंत्राचा लांबलचक आवाज आला. तिनं काय दाबलं मला माहीत नाही. पण तिनं आत जाताना आपली विहीर बरोबर नेली होती. तुमचं मत तुमचंच राहिलंय का, याचं माझं उत्तर त्या आजीपाशी आहे. तुम्ही आडोशाआड जाल तेव्हा मनात छत असेल तर मत तुमचं. चप्पलच असेल, तर थोडं थांबा आणि मग बटण दाबा. आता यंत्राशेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीही नीट बघून घ्या.

मुलाचं सगळ्यात अवघड, कारण तिथं नुसतं बरोबर असून उपयोग नाही. सिनेमा खोटा आहे असं त्याला म्हणू नका. त्या वाक्यानं संवाद तिथंच संपतो, तो म्हणणार, “तुला काय कळतंय.” त्यापेक्षा सांगा की मीही रडले. मग त्याच्याकडून कथा ऐका. तीनदा पाहिली आहे, तो रंगून सांगेल. तुम्ही फक्त मध्ये मध्ये विचारा: हे कुठल्या गावात झालं? कुठल्या साली? हा आकडा कुणी मोजला? सिनेमा सुरू होताना पाटी येते ना, तिच्यावर काय लिहिलं होतं रे? ती पाटी कुणी वाचत नाही, पण तिच्यात फार काही असतं. ‘द केरला स्टोरी’च्या जाहिरातीत धर्मांतर झालेल्या बत्तीस हजार मुलींचा आकडा होता. मे २०२३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा निर्मात्यांनी कबूल केलं की त्या आकड्याला खात्रीचा आधार नाही आणि चित्रपट कल्पनेची भर घातलेला आहे, अशी पाटी आम्ही लावू. त्याच खटल्यात पश्चिम बंगाल सरकारनं घातलेली बंदीही न्यायालयानं थांबवली. मला दोन्ही गोष्टी पटतात. सिनेमा बंद करू नये, आणि पाटी वाचल्याशिवाय बघू नये. बंदीनं काही साधत नाही. आणीबाणीत ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रिंटा नष्ट केल्या, तरी त्याचं नाव आज तुम्हाला-मला ठाऊक आहे. म्हणून मुलाचा मोबाइलही हिसकावू नका.

एक नियम मात्र घरात करून बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२६ व्या कलमानुसार मतदान संपायच्या आधीचे ४८ तास सिनेमा-टीव्हीवरून निवडणुकीचा प्रचार दाखवता येत नाही. २०१९ मध्ये तर निवडणूक आयोगानं पंतप्रधानांवरचा चित्रपट पहिल्या टप्प्याच्या आदल्या दिवशी थांबवला, तो निकालानंतर २४ मेला लागला. म्हणजे पडद्याचा जोर आयोगालाही ठाऊक आहे. पण हातातल्या मोबाइलवर कायद्याचा हात जेमतेम पोचतो, तिथं घरानंच लक्ष घालायला हवं. निवडणूक कुठलीही असो, तेवढे दोन दिवस दोघांनीही तुकडे बघायचे नाहीत, स्टेटस लावायचं नाही, असं त्याला म्हणा. “मीही पाळते” हे आधी म्हणा. आईनं बरोबरीनं मागितलेली गोष्ट मुलं सहसा नाकारत नाहीत. आणि नाकारलीच, तर तुम्ही एकटीनं पाळा, तो बघत असतो.

आता ते कापड. शिंपीकाकांकडे जायला मुलाची परवानगी लागत नाही. त्यांना काही समजावून सांगायला जाऊ नका, माफी वगैरे मागू नका, त्यानं म्हाताऱ्या माणसाला उगाच अवघडल्यासारखं होईल. तुम्ही उंबऱ्यातून परत फिरलात ते त्यांनी समोरून पाहिलंही असेल. मुलगा घरी असेल तेव्हाच निघा, चोरून नको. त्यानं पुन्हा विचारलं तर म्हणा, “ब्लाउज शिवायला,” आणि चालायला लागा. माप त्यांच्या वहीत असेलच. सणाच्या आधी हवा म्हणून सांगा, त्या दिवसांत त्यांच्याकडे गर्दी असते.